सकाळी बंद पडते, दुपारी रेस धरते

परत आल्यापासून तासगावात लोक विचारतात, मुरबाड म्हणजे नक्की कुठं. मी सांगतो, कल्याणच्या पुढं. मग ते म्हणतात, म्हणजे मुंबईतच की. जाण्याआधी माझीही समजूत तीच होती. आमच्याकडून बघितलं तर ठाणे जिल्हा म्हणजे इमारती, फाटक आणि गर्दी. तिथं भाताची खळी असतील, पाड्यांवर नाचणी होत असेल आणि गावाच्या मागं आभाळाएवढा डोंगर उभा असेल, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मी तिकडं फिरायला गेलो नव्हतो. माझी धाकटी बहीण वैशाली धसईच्या पुढच्या एका उपकेंद्रात नर्स आहे. पाड्यांवर जायला तिनं जुनी मोटारसायकल घेतली, बदली होऊन गेलेल्या एका सहकाऱ्याची. दिवाळीनंतर ती त्या गाडीवरून पडली. मनगट मुरगळलं, हनुवटीला टाके पडले. फोनवर ती एवढंच म्हणाली, "गाडी आपली आपण पळते रे दादा."

आईनं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तिचा एकच हेका. "जा आणि घेऊन ये तिला." सांगलीत मामांच्या ओळखीच्या एका दवाखान्यात वैशालीसाठी जागा धरून ठेवली होती आणि मामा रोज विचारत होते. मी आईला हो म्हणालो. वैशालीला मात्र सांगितलं, गाडी बघायला येतोय.

माझं शेतीपंपांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. मोटारसायकली मी हौसेनं खोलतो. इंजिनाचा आवाज बिघडलेला असला की मला शेजारी बसून जेवता येत नाही. त्यामुळं गाडी बघायला येतोय हेही खोटं नव्हतं.

शहापूर

रात्रीच्या गाडीनं कल्याण आणि तिथून लोकलनं आसनगाव. त्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. आसनगावहून रिक्षानं शहापुरात उतरलो तेव्हा दुकानांची शटरं वर जात होती. डिसेंबरचा गारवा होता, पण आमच्याकडच्यासारखा कोरडा नाही, अंगाला चिकटणारा. तालुक्याचं गाव, त्यामुळं कचेऱ्यांची कामं घेऊन आलेली माणसं चहाच्या टपऱ्यांवर साहेबांची वाट बघत उभी होती. आमच्या तासगावातही हेच चित्र असतं. फरक एवढाच की इथं प्रत्येकाचं एक लक्ष घड्याळाकडं. हातातलं काम सोडून माणसं "फास्ट लोकल गेली का" असं एकमेकांना विचारत होती.

गाडी मूळची शहापूरची, म्हणून वैशालीनं ती टेम्पोत घालून इथल्याच एका गॅरेजवर पाठवली होती. गॅरेजवाले बाळारामभाऊ, पन्नाशीचे, दुसऱ्या एका गाडीचं इंजिन उघडून बसले होते.

"सिस्टरची गाडी ना? तयार हाय," ते म्हणाले. "लय रेस धरायची. मी स्लोचा स्क्रू कमी करून दिला."

मी किक मारली. गाडी चालू झाली आणि मूठ सोडताच बंद पडली. पुन्हा मारली, पुन्हा बंद.

"थंडी हाय ना. सकाळची मरते थोडी," भाऊ म्हणाले. "गरम झाली की बरोबर चालतं. नायतर थोडा वाढवू का?"

"वाढवला तर गरम झाल्यावर पुन्हा रेस धरेल."

"धरल," ते शांतपणे म्हणाले. "जुनी गाडी हाय साहेब. सकाळचा एक, दुपारचा एक, असं दोन्ही नाय मिळत."

त्यांचं चुकत होतं असं मला वाटलं, पण बरोबर काय ते मलाही सांगता येत नव्हतं. त्यांच्यापुढं आणखी गिऱ्हाइकं उभी होती. मी गाडी घेतली.

वैशाली दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कामात होती. बसस्थानकाजवळ एक लॉज बघितलं, खोली घेतली, आंघोळ केली आणि पलंगावर पडलो. डोळा लागेना. आईचा फोन आला, भेटली का. मामांचा आला, काय ठरलं. पंखा फिरत होता, खिडकीतून हायवेचा आवाज येत होता आणि खाली माझी गाडी उभी होती जी सकाळी मरत होती आणि दुपारी रेस धरणार होती. मी बूट घातले.

तानसा

लॉजच्या मालकानं सांगितलं, तानसाकडं जा, रस्ता मोकळा आहे. गाडीची परीक्षा घ्यायला मोकळा रस्ताच हवा होता. आटगावच्या बाजूनं वळलो तसा हायवेचा आवाज मागं पडला आणि साग सुरू झाला. पानं मोठी, वाळून खडखडीत झालेली, काही झाडावर आणि बाकीची रस्त्यावर. चाकाखाली पापड मोडल्यासारखा आवाज.

पळताना गाडीची काही तक्रार नव्हती. दोष दिसायचा तो थांबल्यावर. जंगलात एका ठिकाणी माकडं रस्ता ओलांडत होती म्हणून क्लच दाबून उभा राहिलो. मूठ सोडलेली, तरी इंजिनाचा आवाज खाली येईना. थोडा उतरला आणि मग कुणीतरी मूठ पिळत असल्यासारखा आपोआप चढत गेला. माकडं पळाली. मी किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि मान वळवून मागं बघितलं, जणू खरंच कुणी मागं बसून मूठ पिळत होतं.

तलाव झाडांमधून अचानक दिसतो. निळा, विस्तीर्ण, काठावर मनुष्य नाही. आमची कृष्णा म्हणजे घाट, कपडे धुणं, म्हशी, पोहणारी पोरं. इथं एवढं पाणी आणि त्याला हात लावायला कुणी नाही. सगळं मुंबईला जाणारं. रस्त्याकडेच्या झोपडीत चहा विकणाऱ्या सुगंधाबाई म्हणाल्या, "आमचा पाणी आमी बघतो. पितात ते लोक."

गाडीचा आवाज त्यांनी दुरूनच ऐकला होता. "ती बंद करा आधी. कोंबड्या बावरल्यान."

मी बंद केली, चहा घेतला आणि मग परवानगी मागून पुन्हा चालू केली. डबल स्टँडवर चढवली, हँडल सरळ ठेवलं आणि बाजूला उकिडवा बसलो. इंजिनाला पेट्रोल आणि हवा ठरलेल्या मापानं लागते आणि ते माप कार्बोरेटर राखतो. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक रबरी नळा असतो. त्याला चीर गेली तर न मोजलेली हवा आत शिरते. इंजिन गरम झालं, रबर सैल पडलं की चीर उघडते आणि गाडी आपोआप पळते. मग मेकॅनिक स्क्रू कमी करतो. तो कमी केला की थंड असताना गाडीला जगायला पुरेसं मिळत नाही आणि ती मरते. बाळारामभाऊंनी केलं ते वाईट नव्हतं, पण ते आवाजावर उपचार करत होते.

हे सगळं मला आता सुचतं तसं तेव्हा सुचलं नव्हतं. आधी मी हवेचा फिल्टर काढून झटकला, प्लग काढून पुसला, स्क्रू मागं-पुढं फिरवला, आणि गाडी तशीच ओरडत राहिली. सुगंधाबाई बघत होत्या.

"तुमी कुठले?"

"तासगावचा. सांगलीकडं."

"आणि इकडं आलाव गाडी उघडाया?"

"बहिणीची आहे. पडली ती हिच्यावरून."

त्या उठल्या. आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि माझ्या हातावर धरला, हात धुवायला. हात पुढं करताना थोडं पाणी इंजिनाजवळ सांडलं आणि आवाज पडला. क्षणभर अगदी नीट, गुळगुळीत चालली. मग पाणी सुकलं तसा पुन्हा चढला.

मी तांब्या घेतला आणि त्या रबरी नळ्यावर थेंब थेंब सोडलं. थेंब पडला की आवाज उतरायचा, थांबलं की चढायचा. नळ्याच्या खालच्या अंगाला, बोटानं चाचपल्यावरच लागावी अशी चीर होती.

सुगंधाबाईंकडं सायकलची फाटकी ट्यूब होती. तिची पट्टी कापून मी नळ्याला घट्ट गुंडाळली, वर तार आवळली. स्क्रू पुन्हा जागेवर आणला. गाडी बारीक, एकसारखी टकटकत राहिली. कोंबड्या परत आल्या.

परतताना मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, आटगावपर्यंत. मग आईचा फोन वाजला आणि मी तो उचलला नाही.

मुरबाड

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पहिल्या किकला उठली आणि उभी राहिली. किन्हवलीच्या रस्त्यानं निघालो. भात कापून झालं होतं. शेतं रिकामी, पिवळी, त्यात कुठं वालाचे हिरवे पट्टे, कुठं भेंडी. भेंडी तोडणाऱ्या बायका हाताला कापड गुंडाळून वाकलेल्या. उसाच्या मुलखातल्या माझ्यासारख्याला इथली शेतं फार लहान वाटतात. आमच्याकडं नजर जाईल तिथवर एकाचंच पीक. इथं बांध संपला की माणूस बदलतो.

मध्ये कुठंतरी थांबून नीट बघावं असं पुष्कळ होतं. मी थांबलो तो फक्त आवाज ऐकायला. प्रत्येक फाट्यावर क्लच दाबायचा, मूठ सोडायची, कान द्यायचा. सरळगावानंतर पेट्रोलपंपात डावीकडं वळून शिरताना एकदा रेस चढल्यासारखी वाटली. पंपावर उभी केली तर आवाज बरोबर. पट्टी सैल पडली असेल म्हणून तार आणखी आवळली.

मुरबाडला स्पेअरपार्टच्या दुकानात नवा नळा मिळाला. दुकानाच्या पायरीवर बसूनच बसवला. मग जेवायला गेलो. ताटात वालाचं बिरडं, सुकट आणि तांदळाची भाकरी. आमची ज्वारीची भाकरी थापताना आवाज होतो आणि खाताना दात लागतात. ही पांढरी, मऊ, कापडासारखी घडी पडणारी. भूक होती तरी पहिला घास घेताना मला शंका होती की हिनं पोट काय भरणार. भरलं. वाढणारे काका म्हणाले, "सावकाश खावा. कुठं पळत नाय भाकरी." मी एका पायावर बसल्यासारखा जेवत होतो हे तेव्हा कळलं.

धसई

धसईला पोचलो तेव्हा बाजार उठत होता. तांदळाची पोती टेम्पोत चढत होती, मुरबाडची बस उभी होती आणि सगळ्याच्या मागं डोंगराची रांग, तिच्यात गोरखगडाचे दोन सुळके. आमच्याकडं डोंगर आहेत, पण ते बसलेले असतात. इथले उभे आहेत.

वैशाली तिच्या भाड्याच्या खोलीच्या दारात उभी होती. हनुवटीवर टाक्यांची लालसर रेघ. माझ्याआधी तिनं गाडीकडं बघितलं.

"बरी झाली?"

"झाली. हवा ओढत होती. नळा बदलला."

"कोणकोणत्या वेळी रेस धरायची ते तरी विचार मला आधी."

"आता कशाला? झाली ना."

"दादा, ताप उतरला म्हणजे आजार गेला असं नसतं." ती गाडीशेजारी येऊन उभी राहिली. "सकाळी बंद पडायची, दुपारी ओरडायची, ते खरं. पण मी पडले ती सकाळी. गाडी थंड होती."

मी म्हणालो, जुन्या गाडीचं काही सांगता येत नाही. बाळारामभाऊंचंच वाक्य माझ्या तोंडून निघालं.

जेवताना ती म्हणाली, "तू गाडी बघायला आलास का मला न्यायला?"

"आईला भीती वाटते."

"ते मी विचारलं नाही."

मग मी सगळं सांगितलं. मामा, दवाखाना, राखून ठेवलेली जागा. घरापासून जवळ, पक्का रस्ता, संध्याकाळी घरी. ती ऐकत होती आणि भात कालवत होती.

"आणि गाडी चांगली झाली तर?" ती म्हणाली. "मग मी कशासाठी येऊ?"

जेवण झाल्यावर मी अंगणात येरझारा घातल्या. गाडी नीट झाली नसती तर माझं काम सोपं झालं असतं, असा विचार मनात आला. तो आल्याचं मला बरं वाटलं नाही.

पाड्यावर

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावर लसीकरण होतं. वैशाली गाडी चालवत होती आणि मी मागं, मांडीवर लशींचा निळा डबा घेऊन. डबा गाडीला बांधायचा नाही, हादरे बसतात, असं तिचं म्हणणं. सकाळची वेळ. गाडी सुरेख चालली होती आणि मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होतो.

डांबरी रस्ता सोडून डावीकडं पाड्याची वाट फुटते. तिथं वळण इतकं अरुंद की हँडल पूर्ण वळवावं लागतं. वैशालीनं ते वळवलं आणि गाडी ओरडली. आम्ही वळण्याऐवजी सरळ उसळलो, बांध ओलांडला आणि खळ्यात रचलेल्या भाताच्या पेंढ्यात घुसलो. वैशालीनं किल्ली फिरवली होती. मी आडवा पडलो होतो आणि डबा दोन्ही हातांनी वर धरलेला होता.

खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. भिमाबाई नावाच्या म्हाताऱ्या हातातली पेंढी ठेवून आल्या.

"सिस्टर, लागला का गो?"

"नाय लागलं."

"लस सांडली?"

"नाय."

"मग बसा. पेंढा काय, परत रचू आमी."

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "बघ, म्हणून सांगत होतो." तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. गाडी उभी केली, न्यूट्रल केली, किक मारली. नीट टकटक. मग ती समोर गेली आणि हँडल हळूहळू डावीकडं वळवलं. आवाज चढला. सरळ केलं, उतरला. उजवीकडं, काही नाही. पुन्हा डावीकडं, पुन्हा चढला. मुठीला तिचा हातही नव्हता.

मी काल आणि परवा गाडी नेहमी डबल स्टँडवर, हँडल सरळ ठेवून तपासली होती. पंपावर वळताना ती ओरडली तेव्हाही मी तार आवळली होती.

"मुठीची केबल," मी म्हणालो. "कुठंतरी अडकलीय. डावीकडं वळलं की ताण बसतो आणि मूठ पिळल्यासारखं होतं."

दोघांनी वाकून हेडलाइटच्या मागं बघितलं. केबल आणि हॉर्नची वायर एकत्र करून गाडीच्या सांगाड्याला घट्ट बांधलेली होती. पांढरी चिकटपट्टी, दवाखान्यातली, कडा सरळ कापलेल्या. वैशालीनं त्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"ही मी लावली," ती म्हणाली. "केबल लोंबत होती. नीट दिसावी म्हणून बांधली. त्यानंतरच पडले मी."

मी हँडल सरळ धरून ठेवलं.

तिनं पिशवीतून कात्री काढली आणि पट्टी कापली. केबल सैल झाली. हँडल डावीकडं, उजवीकडं. आवाज जागचा हलला नाही.

"आईला सांग," कात्री पुसत ती म्हणाली, "गाडीनं नाही पाडलं. मीच बांधून ठेवलं होतं."

पाड्यावर शाळेच्या ओट्यावर बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. वैशालीला प्रत्येक पोराचं नाव माहीत होतं आणि मागच्या वेळी कोण किती रडलं तेही. मी ओट्याच्या टोकाला बसलो, उठलो, पुन्हा बसलो. एका आजीनं मला नाचणीच्या भाकरीचा तुकडा आणि वर मिरचीचा ठेचा आणून दिला. "सिस्टरचा भाऊस ना तू? खा. हात हलवत बसू नको."

सगळ्यात शेवटी एक गरोदर बाई आली, सुनंदा. चालत आली आणि दाराशीच टेकली. पाय सुजलेले. डोकं दुखतंय म्हणाली. डोळ्यांपुढं मधूनच काजवे चमकतात म्हणाली. वैशालीनं रक्तदाब घेतला, थोडं थांबून पुन्हा घेतला. तिचा चेहरा बदलला नाही, पण आवाज खाली आला.

"सुनंदा, दाब फार वाढलाय, आज मुरबाडला दवाखान्यात जायचं. आत्ता."

सासू म्हणाली, "आज? झोडणी चालली हाय. उद्या नेतो ना."

"उद्या नाय मावशी. आत्ता."

तिनं रुग्णवाहिकेला फोन लावला. ती डांबरी रस्त्यापर्यंतच येणार होती. पाड्याच्या वाटेवर पावसाळ्यात मोठा चर पडलेला होता आणि तो अजून बुजवलेला नव्हता. चारचाकी वर येणं शक्य नव्हतं. झोळीतून न्यायचं तर माणसं गोळा करण्यात वेळ जाणार. बाईला चालवायचं नव्हतं.

वैशाली माझ्याकडं आली. "गाडी चालेल का?"

मी मोटारसायकलीकडं बघितलं.

"दादा, मी तुला विचारतेय. हिला मागं बसवून नेऊ का? तू सांग."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी घाई केली नाही. गाडीपाशी गेलो. चालू केली. हँडल टोकापर्यंत डावीकडं, टोकापर्यंत उजवीकडं, दोन्हीकडं धरून ठेवलं. मूठ पिळून सोडली, ती खटकन परत आली. इंजिन गरम होऊ दिलं. नव्या नळ्यावर पाण्याचे थेंब सोडले, आवाज तसाच. केबल मुळापासून शेवटपर्यंत बोटांनी चाचपली. वैशाली उभी होती. सुनंदाची सासू उभी होती. मागं कुणीतरी पोराला उगी करत होतं.

"ने," मी म्हणालो.

सुनंदा मागं एका बाजूनं बसली, तिचा हात वैशालीच्या पोटाभोवती. मी डबा उचलला आणि सासूबाईंबरोबर पायी मागोमाग निघालो. वैशालीनं पहिल्या गिअरमध्ये, पाय टेकवत टेकवत गाडी उतरवली. चर आला तिथं ती थांबली. मी थबकलो. खालून इंजिनाची टकटक येत होती, चढत नव्हती, मरत नव्हती. मग गाडी पुढं गेली आणि वाटेच्या एका डाव्या वळणापाशी झाडांआड झाली. मी कान दिला. आवाज होता तसाच होता.

आम्ही खाली पोचलो तेव्हा रुग्णवाहिकेचं दार लागत होतं. सासूबाई आत चढल्या. वैशालीही बरोबर गेली. जाताना तिनं गाडीची किल्ली माझ्या हातात टाकली.

परत

संध्याकाळी ती मुरबाडहून बसनं आली, थकलेली, डोळे लाल. सुनंदाला दाखल केलं होतं, इंजेक्शनं चालू होती, दाब उतरत होता. पण अजून काही दिवस तिला तिथंच ठेवणार होते. वैशाली भाताचं पातेलं चुलीवर ठेवून शेजारी बसली आणि बसल्या बसल्या झोपली. भात मी उतरवला. मामांचा विषय दोघांनीही काढला नाही.

सकाळी तिनं मला बसपर्यंत सोडलं. डिसेंबरच्या थंडीत गाडी पहिल्या किकला उठली. बसची वाट बघताना ती म्हणाली, "तुला वाईट वाटलं का रे?"

"कशाचं?"

"रिकाम्या हातानं जातोयस."

मी म्हणालो, बस आली. खरंच आली होती.

मुरबाडच्या अलीकडं आईचा फोन आला. या वेळी उचलला.

"निघालास?"

"निघालो."

"हाय का ती शेजारी?"

"नाही."

बस एका थांब्यावर थांबली, भाजीच्या पाट्या घेऊन बायका चढल्या, बस हलली. आई तेव्हाही लाइनवर होती.

"गाडी नीट झाली का?" तिनं विचारलं.

"झाली."

"तू बघितलीस ना नीट? तुझ्या हातानं?"

"मी बघितली. तिनंही बघितली."

मी तिला पट्टीचं सांगितलं. मग पाड्याचं सांगितलं, सुनंदाचं सांगितलं. बोलता बोलता माझाच आवाज मोठा झाला असावा, पुढच्या बाकावरच्या बाई वळून बघायला लागल्या. आईनं मध्ये एकदाही अडवलं नाही.

"ती बाई वाचली का?"

"सध्या तरी बरी आहे."

"बरं," आई म्हणाली. "मामाला मी सांगते काय ते. आणि वैशालीला सांग, हळू चालव म्हणावं."

फोन ठेवल्याबरोबर मी वैशालीला लावला. वाजत राहिला, उचलला नाही. या वेळेला ती गाडीवर असणार, वाटेत. मी पुन्हा लावला नाही.